वेताळाचा शेवटचा प्रश्न

मुंबईपासून कर्जत शंभर किलोमीटरांवर. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, आणि घर खोपोलीकडे असेल तर त्यावर आणखी अर्धा तास. एवढा वेळ रोज गाडीत काढणाऱ्या माणसापुढे तीन मार्ग असतात. पत्ते, भजन आणि पुस्तक. पत्तेवाल्यांचा आणि भजनवाल्यांचा डबा सगळ्यांना ठाऊक असतो, कारण तो लांबूनच ऐकू येतो. पुस्तकवाल्यांचा डबा सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. पण परतीच्या गाडीत बदलापूर मागे पडले, गर्दी जराशी सैल झाली आणि कोपर टेकायला जागा मिळाली की वांगणी, शेलू, नेरळच्या टप्प्यात पिशव्यांमधून पुस्तके बाहेर निघत. कव्हर घातलेली, वाचनालयाचा शिक्का मारलेली, मागच्या वाचकाने पेन्सिलीने ‘छान’ किंवा ‘बंडल’ असा शेरा मारलेली.

त्या पिशव्यांतून काय निघत असे? बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार निघे, काळापहाड निघे. नारायण धारपांचा समर्थ निघे. सुहास शिरवळकरांचा फिरोज इराणी आणि अमर विश्वास निघे. घरी मुलांच्या हातात भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे असे. या सगळ्या नावांत एक गोष्ट सारखी आहे आणि तिच्याकडे समीक्षकांनी फारसे लक्ष दिलेले नाही. या सगळ्या मालिका आहेत. वाचनालयाच्या खिडकीवर येणारा माणूस ‘अर्नाळकरांचे काही आहे का’ असे क्वचितच विचारी. तो विचारी, ‘पुढचा झुंजार आलाय का?’ लेखकाचे नाव मागाहून. आधी नायक, आणि नायकाच्याही आधी ‘पुढचा’ हा शब्द.

आता गाडीत बहुतेकांच्या हातात मोबाईल असतो. त्याबद्दल उसासे टाकण्यात अर्थ नाही. शेजारच्या माणसाच्या मोबाईलमध्ये जरा डोकावून पाहावे (डोकावू नये, पण आपण सगळेच डोकावतो), तर तिथेही मालिकाच चाललेली असते. तिसरा भाग, सातवा भाग, दुसरा सीझन. म्हणजे माणसाची ‘पुढे काय झाले’ ही भूक जशीच्या तशी आहे. तिला मराठी पुस्तकातून वाढणारे हात कमी झाले. आजचा विषय एवढाच आहे.

गेल्या काही वर्षांत मराठीत चांगल्या कादंबऱ्या आल्या नाहीत, असे म्हणणाऱ्याने त्या वाचलेल्या नाहीत असे समजावे. रंगनाथ पठारे यांचा ‘सातपाटील कुलवृत्तांत’ २०१९ साली आला. एका घराण्याच्या निमित्ताने शतकांचा पट मांडणारे ते जाडजूड पुस्तक आहे. प्रवीण बांदेकर यांच्या ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ला २०२२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला २०२३चा. नंदा खरे यांच्या ‘उद्या’ची निवड २०२०च्या पुरस्कारासाठी झाली होती, खरे यांनी तो नम्रपणे नाकारला. ‘उद्या’ ही उद्याच्या समाजाची कादंबरी आहे. जे अजून घडलेले नाही ते घडल्यासारखे दाखवण्याची ताकद मराठी गद्यात आहे, याचा तो चांगला पुरावा.

यांतल्या ‘रिंगाण’बद्दल जरा थांबून सांगावेसे वाटते, कारण खालापूर तालुक्यातल्या वाचकाला ती वेगळीच लागते. धरणाने उठवलेल्या गावातली माणसे आणि मागे राहून गेलेली म्हैस, एवढेच तिचे सूत्र. कादंबरीतला मुलूख कोल्हापूरकडचा आहे, पण मोरबे धरणाच्या काठावर उभे राहून ती वाचता येते. मोरब्याचे पाणी नवी मुंबई पिते आणि त्या पाण्याखाली गावे गेली आहेत. चौकच्या बाजाराला येणाऱ्या कुणाही वयस्कर माणसाला विचारा, तो त्या गावांची नावे घडाघडा सांगेल. आपल्या शेजारी घडलेली गोष्ट दुसऱ्या जिल्ह्यातल्या लेखकाने अशी सांगावी की ती आपलीच वाटावी, हे नव्या कादंबरीचे मोठे यश आहे.

तेव्हा तक्रार नव्या कादंबरीबद्दल नाही. पण ‘रिंगाण’ वाचण्यासाठी आधी वाचक घडलेला असावा लागतो. तो काही चाळिशीत, एका रविवारी, चहा घेता घेता घडत नाही. तो दहाव्या-बाराव्या वर्षी घडतो, तेराव्या-चौदाव्या वर्षी पक्का होतो, आणि त्या वयात त्याला धरून ठेवणारी गोष्ट ही जवळजवळ नेहमीच लांबलचक, अद्भुत आणि ‘क्रमशः’ असते. राक्षस, मांत्रिक, गुहा, शाप, हरवलेला राजपुत्र. पुढे आयुष्यात तो दोस्तोव्हस्की वाचो की नेमाडे, त्याची पाने उलटण्याची बोटे तिथे तयार झालेली असतात.

आमच्या पिढीची बोटे ‘चांदोबा’वर तयार झाली. जुलै १९४७मध्ये मद्रासहून नागि रेड्डी आणि चक्रपाणि यांनी तेलुगू आणि तमिळमध्ये हे मासिक काढले, १९५२पासून ते मराठीत ‘चांदोबा’ म्हणून येऊ लागले. मद्रासला बसलेल्या माणसांनी रायगडातल्या, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या, पोराला मराठी वाचायला शिकवले हा एक गमतीचा योग आहे. त्यातली राजवाड्यांची गोपुरे दाक्षिणात्य, राण्यांचे अंबाडे दाक्षिणात्य, पण आम्हाला ते कधी परके वाटले नाही. अद्भुताच्या देशात असेच असणार, असे आम्ही धरून चाललो.

‘चांदोबा’त दोन प्रकारच्या मालिका असत. एक धारावाहिक कादंबरी. ती महिनोन् महिने चाले, दर अंकात नायक एखाद्या सुळक्याच्या कडेला लोंबकळत सोडून दिला जाई, आणि अखेर एका महिन्यात रीतसर संपे. या कादंबऱ्यांपैकी कितीतरी दासरि सुब्रह्मण्यम नावाच्या एका तेलुगू संपादकाने लिहिल्या. मासिकात त्यांचे नाव छापले जात नसे. ते २०१० साली वारले तेव्हा आपल्याला बालपणी कुणी झपाटले होते हे अनेक वाचकांना पहिल्यांदा कळले. या कादंबऱ्यांची चित्रे ‘चित्रा’ या सहीने येत.

दुसरी मालिका विक्रम-वेताळाची, आणि ती संपतच नसे. शंकर यांनी काढलेले ते चित्र ज्याने पाहिले तो विसरणार नाही. उजव्या हातात तलवार, खांद्यावर प्रेत, पायाखाली कवट्या आणि पाठीमागे झाड. शंकर २०२० साली गेले, त्यांना २०२१ साली मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. त्या एका चित्राने जितक्या मुलांना रात्री परसात जायला भिववले तितके दुसऱ्या कशाने क्वचितच भिववले असेल. दर महिन्याला वेताळ गोष्ट सांगे, प्रश्न विचारी, राजा उत्तर देई, मौन मोडे आणि वेताळ पुन्हा झाडावर.

मूळ गोष्ट अशी बेमुदत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असते. अकराव्या शतकात सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ रचला, त्यात वेताळाच्या गोष्टी आहेत आणि त्या संपतात. कशा संपतात ते सांगण्यासारखे आहे. शेवटच्या कोड्यात बाप आणि मुलगा रानात दोन बायकांची पावले पाहतात, एक जोडी मोठी, एक लहान. ते ठरवतात की मोठ्या पावलांची ती बापाने वरावी, लहान पावलांची मुलाने. शोध लागतो तेव्हा कळते की त्या मायलेकी आहेत आणि मोठी पावले लेकीची आहेत. शब्द दिलेला असतो, म्हणून बाप लेकीशी लग्न करतो आणि मुलगा आईशी. पुढे दोघींना मुले होतात. त्या मुलांचे एकमेकांशी नाते काय? वेताळ हे विचारतो आणि राजाला उत्तर येत नाही. म्हणून तो गप्प राहतो. तेवढ्याने वेताळ प्रसन्न होतो, ज्या भिक्षूसाठी राजा हे प्रेत वाहतो आहे तो राजाचाच बळी देणार आहे असे सांगतो, त्यावर उपायही सांगतो, आणि गोष्ट संपते. इतका वेळ सगळी उत्तरे येत असल्याने अडकलेला राजा एक उत्तर न आल्यामुळे सुटतो. घरात बसून हे नाते एकदा सोडवून पाहावे. आजी, काकू, मामा सगळे कामाला लागतील आणि रविवारची दुपार बरी जाईल.

‘चांदोबा’तला राजा मात्र दर महिन्याला उत्तर देत राहिला. मासिक १९९८ साली एकदा बंद पडले, पुढच्या वर्षी पुन्हा सुरू झाले, २००७ साली मुंबईच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने ते विकत घेतले आणि २०१३च्या सुमारास ते थांबले. निरोपाचा समारंभ झाला नाही. राजा स्मशानाच्या वाटेवर, प्रेत खांद्यावर, आणि पुढचा अंक नाही. एका मोठ्या वाचकवर्गाची गोष्ट अशी मध्येच सोडून देण्यात आली आणि त्याची खंत वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर एखाद्या चौकटीपुरती झाली.

मासिके बंद पडतातच, असे कुणी म्हणेल. खरे आहे. पण मराठीत अद्भुताची मालिका पुन्हा का उभी राहिली नाही, याचे कारण एका मासिकाच्या बंद पडण्यापेक्षा जुने आहे. मराठी कादंबरीची सुरुवातीची बरीच पावले अद्भुतात पडली होती. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. त्यांत राजपुत्र आहेत, संकटे आहेत, आकाशातून प्रवास करण्याची साधने आहेत. मग हरि नारायण आपटे आले, १८८५च्या ‘मधली स्थिती’पासून कादंबरी घरात, माजघरात, विधवेच्या खोलीत शिरली, आणि ते फार चांगले झाले. पण त्या दिवसापासून अद्भुत हे पोरकट ठरले. नाथमाधवांचे ‘वीरधवल’ १९१३ साली आले आणि पिढ्यान् पिढ्या वाचले गेले, तरी साहित्याच्या इतिहासात त्याला ओसरीवरच बसवतात. पुढे जी. ए. कुलकर्णी यांच्यासारख्या एखाद्याने अद्भुताला उंचीवर नेले, पण त्या वाटेने मागून फौज आली नाही.

दुसरे कारण अधिक व्यवहारी आहे. हरिभाऊंनी १८९० साली ‘करमणूक’ काढले ते साप्ताहिक होते. कादंबरी दर आठवड्याला थोडी थोडी येई. काही कादंबऱ्या त्यांच्याकडून अपुऱ्याही राहिल्या, पण वाट पाहण्याची सवय त्यांनी मराठी घराला लावली. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठीने एक नवाच सण सुरू केला. दिवाळी अंकाचे गुण मी काय सांगावेत! पण तो वर्षातून एकदा येतो, आणि म्हणून त्यातली कादंबरी ‘संपूर्ण’ असावी लागते. मुखपृष्ठावर तसे अभिमानाने छापतात. एका बैठकीत संपणारी गोष्ट लिहायला आमचे लेखक त्यामुळे फार तरबेज झाले. दहा वर्षे एकाच जगात राहून लिहिण्याची मेहनत मात्र करायला कुणी सांगितले नाही, कारण ती छापणार कोण? दर आठवड्याला, दर महिन्याला गोष्ट पुढे नेणारी नियतकालिके एकेक करून मिटली. राहिली टीव्हीवरची मालिका, आणि तिथे टीआरपी असेपर्यंत सासू मरत नाही.

धारपांच्या एका कथेचे बीज घेऊन ‘तुम्बाड’ हा चित्रपट झाला, २०१८ साली, आणि देशभर गाजला. तो हिंदीत होता. मराठी भयकथेतला हा माल मराठी पडद्यावर का आला नाही, याचे उत्तर चित्रपटवाल्यांनी द्यावे. मला फक्त एवढेच दिसते की, माल घरात होता.

आता जगाकडे पाहू. रॉबर्ट जॉर्डन नावाच्या अमेरिकन लेखकाने १९९० साली ‘द व्हील ऑफ टाइम’ ही अद्भुत कादंबऱ्यांची मालिका सुरू केली. ती वाढत वाढत अकरा जाड खंडांपर्यंत गेली. मग लेखकाला असाध्य आजार झाला. उरलेली गोष्ट कशी जाते हे त्याने टिपणांत लिहून ठेवले, घरच्यांना सांगून ठेवले, आणि २००७ साली तो गेला. त्याची पत्नीच त्याची संपादक होती. तिने ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाला निवडले. एक खंड उरला होता त्याचे तीन झाले, आणि जानेवारी २०१३मध्ये चौदावा खंड येऊन मालिका संपली. पहिला भाग शाळेत वाचलेली माणसे शेवटचा भाग घ्यायला आली तेव्हा त्यांची स्वतःची मुले शाळेत जाऊ लागली होती. साहित्य म्हणून त्या चौदा खंडांचे मोल काय, यावर वाद घालता येईल. मधले दोन-तीन खंड रेंगाळतात हे त्याचे भक्तही कबूल करतात. पण मरणाच्या दारात उभ्या असलेल्या लेखकाला वाचकांचे देणे फेडावेसे वाटले, ही गोष्ट मला लेखकाच्या शैलीपेक्षा मोठी वाटते.

याच्या उलट उदाहरण जॉर्ज मार्टिन यांचे. त्यांच्या मालिकेचा पाचवा खंड २०११ साली आला. टीव्हीवाले पुस्तकाच्या पुढे निघून गेले आणि त्यांनी २०१९ साली आपल्या पद्धतीने शेवट करून टाकला. शेवट इतका घाईचा होता की जगभरचे प्रेक्षक रागावले. त्या रागाची आपल्याकडे थट्टा झाली. ‘एका सीरियलसाठी एवढे काय?’ पण आठ वर्षे ज्या माणसांबरोबर काढली त्यांना नीट निरोप द्यावा, ही अपेक्षा थट्टेची नाही. हरिकथेतही शेवटी आरती असते. मध्येच बुवा उठून गेले तर श्रोते काय म्हणतील?

आणि हॅरी पॉटर. पहिला भाग १९९७चा, सातवा आणि शेवटचा २१ जुलै २००७चा. त्या दिवशी मुंबईतल्या पुस्तकांच्या दुकानांपुढे पहाटेपासून मुले रांगा लावून उभी होती. ही मालिका मराठीतही आली, भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने आणली. टॉल्किनच्या अंगठीची तीन खंडांची महाकथा मुग्धा कर्णिक यांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने मराठीत केली. हे काम किती कष्टाचे आहे ते एक पान भाषांतर करून पाहणाऱ्यालाच कळेल. म्हणजे मालिका मराठीत नाहीत असेही नाही. मग त्या कर्जत-खालापूरच्या मुलापर्यंत पोचतात का?

माझ्या ओळखीचे एक सार्वजनिक वाचनालय आहे. कोणते ते सांगत नाही, कारण बहुतेक वाचनालयांत हेच चित्र असेल. तिथे हॅरी पॉटरचा पहिला भाग आहे, दुसरा आहे आणि चौथा आहे. तिसरा कधी घेतलाच नाही. पाचवा घेतला होता, तो कुणीतरी नेला आणि परत आणला नाही. सहावा-सातवा नाही. एका सातवीतल्या मुलीने दुसरा भाग परत करताना ‘काका, तिसरा?’ असे विचारले. ग्रंथपालांनी प्रामाणिकपणे सांगितले की नाही, चौथा ने. तिने चौथा नेला आणि दोन दिवसांत परत आणला. काही कळत नाही म्हणाली. कळणार कसे? तिसऱ्या भागात आलेल्या माणसांवर चौथ्याची सगळी इमारत उभी आहे. तिची एक मैत्रीण इंग्रजी शाळेत जाते. तिने तिसरा भाग इंग्रजीत मिळवला आणि तिथून पुढे ती इंग्रजीतच वाचत गेली. या मुलीला ते जमले नाही, तिने वाचणे सोडले.

हे दोन रस्ते नीट पाहण्यासारखे आहेत. पहिलीबद्दल माझी काही तक्रार नाही. मुलाने इंग्रजीत वाचावे, भरपूर वाचावे. पण तिने भाषा बदलली ती इंग्रजीच्या प्रेमाने नव्हे, तिसरा भाग तिकडे होता म्हणून. आणि दुसरीने तर काहीच निवडले नाही. मराठी शाळा कमी होत आहेत यावर आपण परिसंवाद भरवतो, मोर्चे काढतो, मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पेढेही वाटले. हे सगळे योग्यच आहे. तरी एक सातवीतली मुलगी एका न घेतलेल्या पुस्तकामुळे मराठी वाचनातून गळते, तेव्हा कुठे आवाज होत नाही.

ग्रंथपालांना दोष देणे सोपे आहे. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात, त्या वर्गाप्रमाणे अनुदान मिळते आणि त्यातून पुस्तके, वीज, भाडे, पगार सगळे भागवायचे असते. वाचनालयात काम करणाऱ्यांना जे मिळते त्याला पगार म्हणायचे हा भाषेचा उदारपणा आहे. पण पुस्तकांची खरेदी होते तेव्हा ती कशी होते? यादीत जास्तीत जास्त नावे बसावीत अशी. सात वेगवेगळी पुस्तके घेतली तर सात लेखक खूश, सात वाचक खूश. एकाच मालिकेचे सात भाग घेतले तर ‘सगळे पैसे एकावरच?’ असा प्रश्न येतो. म्हणून एकेक भाग घेतला जातो, आणि एकेक भाग घेतलेली मालिका म्हणजे एकेक चाक घेतलेली बैलगाडी.

भाषांतरांचा प्रश्न असा खरेदीने सुटेल. स्वतःची मालिका कुठून आणायची?

या तालुक्यांत राहणाऱ्याला हा प्रश्न पडला की हसू येते, कारण खिडकीतून बाहेर पाहिले की अर्धी मालिका समोर उभी असते. कोथळीगड घ्या, आंबिवलीवरून पेठच्या वाडीत चढून जायचे. सुळक्याच्या पायथ्याला कोरीव खांबांची गुहा आहे, आणि वर जाणारा जिना सुळक्याच्या पोटातून खोदून काढलेला आहे. डोंगर आतून चढायचा! हे कुणा इंग्रजी कादंबरीत वाचले असते तर आपण लेखकाच्या कल्पनाशक्तीला मान डोलावली असती. ढाकच्या बहिरीची गुहा घ्या. सांडशीकडून कड्याला बिलगून, खोबणीत बोटे रोवून चढायचे. वर देवाचे ठाणे, पाण्याचे टाके, आणि तिथली भांडी वापरावीत पण घरी नेऊ नयेत, नेली तर बहिरी बघून घेईल, ही समजूत. देवाच्या भांड्यांचा हा नियम मोडणारा एक लोभी माणूस कल्पावा, की पहिला खंड तयार.

खालापूरच्या बाजूला उंबरखिंड. फेब्रुवारी १६६१मध्ये शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या फौजेला त्या रानात असे कोंडले की तिला पुढे जाता येईना आणि मागे फिरता येईना. फौजेबरोबर रायबागन नावाची शूर स्त्री होती, तिच्या सल्ल्याने खान शरण आला. ही लढाई इतिहासाची, पण रान कसे मदतीला येते, पाऊलवाट कुणाला माहीत असते आणि कुणाला नसते, हे सगळे अद्भुताच्या कादंबरीचेच सामान आहे. आणि कोंदिवड्यावरून कोंढाण्याच्या लेण्यांशेजारून वर चढले की राजमाची. गो. नी. दांडेकरांनी ‘माचीवरला बुधा’ तिथेच वसवला. मुंबई सोडून माचीवर एकटा राहायला गेलेला म्हातारा, त्याची झाडे, त्याचे प्राणी. ते पुस्तक अद्भुत नाही, पण या मुलखाला गोष्टीत घेता येते याचा दाखला आहे. दांडेकरांनी एकट्याने जेवढा सह्याद्री मराठी वाचकाच्या घरात आणला तेवढा पुढच्या पन्नास वर्षांत सगळ्यांनी मिळून आणला का, मला शंका आहे.

गंमत अशी की चौकजवळ २००५ साली नितीन देसाई यांनी स्टुडिओ उभारला, तिथे प्लॅस्टरचे किल्ले आणि दरबार उभे राहिले, ‘जोधा अकबर’चे चित्रीकरण झाले, आणि शाळांच्या सहली ते किल्ले पाहायला येऊ लागल्या. देसाई मोठे कलावंत होते, त्यांचा २०२३ साली झालेला शेवट चटका लावणारा. त्यांच्या कलेला नावे ठेवायची नाहीत. पण प्लॅस्टरचा किल्ला पाहायला बस येते, आणि पोटातून जिना असलेल्या डोंगरावर कुणी गोष्ट लिहीत नाही.

लेखक नाहीत, असे मला वाटत नाही. गेल्या काही वर्षांत स्टोरीटेलसारख्या ऐकण्याच्या पुस्तकांत मराठी मालिका पुन्हा येऊ लागल्या आहेत, भागाभागाने, उत्कंठेच्या जागी तोडलेल्या. कर्जत लोकलमध्ये कानात बोंडे घालून बसलेल्यांपैकी सगळेच गाणी ऐकत नसतात. हे चांगले लक्षण आहे. मात्र त्या बहुतेक मोठ्यांच्या आहेत, खून, गुन्हा, भय यांच्या. बारा वर्षांच्या वाचकासाठी दीर्घ अद्भुत कथा लिहायची तर लेखकाला पाच-सात वर्षे तग धरता आला पाहिजे, प्रकाशकाने पहिल्या भागाच्या विक्रीवरून दुसरा भाग मारता कामा नये, आणि शेवट काय आहे हे लेखकाला पहिल्या दिवशी ठाऊक असले पाहिजे. पाठ्यपुस्तक मंडळाचे ‘किशोर’ १९७१पासून निघते आहे, स्वस्त आहे, खेड्यातल्या शाळेपर्यंत जाते. अशा मासिकाने एखाद्या तरुण लेखकाला चोवीस अंकांची जागा आणि वेळेवर मानधन द्यायचे ठरवले तर दासरि सुब्रह्मण्यम मराठीतही निघू शकतो. या वेळी त्याचे नाव छापावे.

तोवर वाचनालयांना करण्यासारखे एक छोटे काम आहे. यंदाच्या खरेदीत एकच मालिका घ्यावी, कोणतीही, पण पूर्ण घ्यावी. फास्टर फेणे घ्या, पॉटर घ्या, ‘स्वामी मुद्रिकांचा’ घ्या. मे महिन्याच्या सुट्टीआधी ती कपाटात आली पाहिजे. सगळे भाग एका कप्प्यात, मुलांच्या हाताला येतील इतक्या उंचीवर ठेवावेत. आणि पाठीवर भागाचा आकडा ठळक लिहावा, म्हणजे मधला एखादा गेला तर दारातूनच दिसेल आणि तो त्याच आठवड्यात पुन्हा मागवता येईल.